पथारीवरचा आकडा

हवा मोजायच्या पेटीत मी चार दिवस जेवणाचा डबा ठेवला. माझा गुन्हा एवढाच. त्यात चोरी नाही, लबाडी नाही, कुणाचं वाईट व्हावं असा हेतूही नाही. ऑफिसची फरशी उखडली होती, टेबल बाहेर आलं होतं, आणि मिरचीच्या पथारीवर डबा उघड्यावर ठेवला की दुपारी जेवताना वरणाआधी शिंकाच येतात. शिवाय कुत्री. समोर ती पांढरी लाकडी पेटी चार पायांवर उभी होती. चारी बाजूंनी झडपा, आत सावली, दाराला कडी. एवढी सोन्यासारखी जागा इतकी वर्षं आपल्याला कशी दिसली नाही, असं मनात येऊन मी स्वतःच्या बुद्धीचं थोडं कौतुकसुद्धा करून घेतलं.

आमची पथारी नंदुरबारच्या बाहेर आहे. पथारी म्हणजे मोकळं मैदान. शेतातून आलेली ओली लाल मिरची इथे पसरायची, बायांनी दिवसभर दाताळ्याने उलटीपालटी करायची, आणि आठ-दहा दिवसांनी कडकडीत वाळली की गिरणीकडे पाठवायची. मी तिथे कारकून. आमच्याकडे सगळ्यांचा जीव एकाच गोष्टीत अडकलेला असतो, थंडीतल्या अवकाळी पावसात. अर्धी वाळलेली मिरची भिजली की दोन दिवसांत काळी पडते. आणि पाऊस येणार म्हणून उगाच गोळा करून ताडपत्रीखाली कोंडली, तर ती आतल्या आत तापते आणि तरीही काळी पडते. त्यामुळे ‘गोळा करा’ हा शब्द फार जपून उच्चारायचा.

तो शब्द उच्चारायचा अधिकार आमच्याकडे चाचांच्या मशीनला होता.

चाचा म्हणजे गावातले जुने काटेवाले. बापजाद्यांपासून तराजू, वजनकाटे दुरुस्त करणारं घर. आज वय पंचाहत्तरच्या पुढे. मी कॉलेजात नापास होण्याच्या उद्योगात होतो त्या काळी एका शाळेला एक संगणक आला होता. टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवरून कार्यक्रम चढवायचा, तसला. शिकवायला कुणी आलं नाही, म्हणून तो लोखंडी पेटीत कुलपात पडून होता. प्रयोगशाळेचा तराजू दुरुस्त करायला गेलेल्या चाचांनी तो पाहिला आणि मुख्याध्यापकांकडे आठवड्याला एक तास मागून घेतला. शनिवारी, अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर.

त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मला येतं असा गावात समज होता, कारण दहावीला दुसऱ्या फटक्यात मी त्या विषयात पस्तीस मिळवले होते. म्हणून मला बरोबर घेतलं. त्या मशीनच्या भाषेत कामाचे शब्द चौदा-पंधराच होते, नाहीतर माझं पितळ तेव्हाच उघडं पडलं असतं. ‘असं असेल तर तसं कर’, ‘अमुक ओळीवर जा’, ‘हे लक्षात ठेव’. चाचांनी ते शब्द महिन्याभरात पाठ केले आणि माझी गरज संपली. तरी त्यांनी मला हाकललं नाही. मशीनचं झाकण उघडायचं काम कायमचं माझ्याकडे राहिलं.

शनिवारचा एक तास म्हणजे किती? कॅसेट चढवण्यातच अर्धा जायचा. टेपचा आवाज किंचित कमी-जास्त झाला की मशीन रुसायचं, पुन्हा पहिल्यापासून. ती कॅसेट वाजायची तेव्हा असा किंचाळल्यासारखा आवाज यायचा की शाळेचा शिपाई व्हरांड्यातून उठून लांब जाऊन बसायचा. म्हणून चाचांनी दुसरीच रीत काढली. आठवडाभर कार्यक्रम कागदावर लिहायचा, लग्नपत्रिकांच्या पाठीमागे, आणि मग मशीनशिवाय, जमिनीवर चालवून पाहायचा. इथे पथारीवर, मिरच्या घेऊन. मशीनने जो आकडा लक्षात ठेवायचा, त्याच्यासाठी एक रेघ ओढायची आणि रेघेवर तितक्या मिरच्या मांडायच्या. एकेक ओळ वाचायची, मिरच्या वाढवायच्या, काढायच्या, या रेघेवरून त्या रेघेवर न्यायच्या. चूक सापडली की सगळं मोडून पुन्हा. बाया पदर तोंडाशी नेऊन हसायच्या. काटेवाले चाचा मिरच्यांशी सोंगट्या खेळतात, असं गावभर झालं होतं. चाचा उकिडवे बसून खेळत राहिले. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. मशीनची आठवण इतकी अपुरी की नवी ओळ घालायची तर जुनी एखादी खोडावी लागे. आज आपण फोनमध्ये लग्नाचे हजार फोटो भरून ठेवतो आणि एकही बघत नाही. चाचांनी एका ओळीसाठी चार-चार शनिवार घातलेले मी पाहिले आहेत.

कार्यक्रम काय होता? तर पाऊस येणार का, एवढंच विचारायचं. पेटीत दोन तापमापक, एक कोरडा, एक ओल्या मलमलीत गुंडाळलेला. हवा दमट झाली की दोघांतला फरक कमी होतो. तो फरक, वाऱ्याची दिशा, आणि उत्तरेला सातपुडा किती स्पष्ट दिसतो, या तीन गोष्टी सकाळी मशीनला सांगायच्या. मशीन आदल्या दिवसांची बेरीज धरून शून्य ते नऊ असा एक आकडा द्यायचं. चारपर्यंत निश्चिंत. सहाला आभाळाकडे लक्ष. आठला गोळा करा. पुढे शाळेने मशीन मोडीत काढलं तेव्हा चाचांनी ते मागून आणलं आणि रेडिओचे सुटे भाग घालून घालून आजपर्यंत जिवंत ठेवलं. आमच्या मोठ्या शेठनी ऑफिसच्या कोपऱ्यात त्याला जागा दिली. आकडा दरवेळी बरोबर यायचा असं मी म्हणणार नाही. पण चुकला की चाचा कागद काढून बसायचे, आणि तीच चूक दुसऱ्यांदा झालेली मला आठवत नाही.

मोठे शेठ गेले. छोटे शेठ आले. माणूस वाईट नाही, मला काका म्हणतात. त्यांनी ऑफिस नवं करायला घेतलं आणि त्या जुन्या खोक्याचं काय करायचं ते या हंगामात ठरवू म्हणाले. फोनमध्ये तासातासाचं हवामान दिसत असताना कॅसेट कशाला, हा त्यांचा प्रश्न होता आणि त्यात चुकीचं काही नव्हतं. चाचांनी मान डोलावली. पण त्या दिवसापासून ते रोज सकाळी आठलाच यायला लागले. या हंगामात आकडा खरा ठरला तर मशीन राहणार, नाहीतर जाणार, हे आम्हा सगळ्यांना न बोलता कळलं होतं.

आणि याच हंगामात मला डब्यासाठी जागा सापडली.

सोमवारी आकडा तीन होता. मंगळवारी पाच. आभाळ निळंभोर, फोनवर पिवळा सूर्य. बुधवारी सहा. चाचा दाराशी उभे राहून बराच वेळ वरती बघत होते. आभाळात बघण्यासारखं काहीच नव्हतं, आणि त्यामुळेच जास्त भीती वाटत होती. गुरुवारी सात. पथारीवर बोलणं कमी झालं. बाया सगळ्या धडगावकडच्या, सातपुड्यातल्या, हंगामापुरत्या इथेच झोपड्या टाकून राहतात. मिरची गेली तर त्यांचं काम त्याच दिवशी संपतं आणि बिऱ्हाड उचलून ऊसतोडीला गुजरातेत जावं लागतं. त्यांची मुकादम बाई आकडा विचारायला स्वतः ऑफिसपर्यंत आली. ऐकला आणि परत गेली. तिच्या मागोमाग कुत्रीही उठून गेली, हे मला उगाचच अभद्र वाटलं.

शुक्रवारी आठ.

छोटे शेठ आधी हसले, मग चिडले, मग वडिलांच्या आठवणीने म्हणा किंवा कशाने म्हणा, हो म्हणाले. चाळीस बाया मैदानभर वाकल्या आणि भर उन्हात लाल ढीग उठायला लागले. दुपारी एकला मी पेटीची कडी काढली, डबा उचलला, आणि मला कोरड्या तापमापकाच्या काचेवर पाण्याचा थेंब दिसला. डबा अजून कोमट होता आणि झाकणाच्या कडेला वाफेचं पाणी जमलं होतं. बायकोने सकाळी उकळतं वरण भरलेलं. साडेआठला मी डबा ठेवायचो आणि नऊला तिथेच उभा राहून, अगदी जबाबदारीने, चष्मा लावून, दमटपणा मोजायचो.

लगेच जाऊन सांगितलं असं लिहायला मला आवडलं असतं. मी काय केलं, तर डबा पिशवीत घातला, पिशवी स्कूटरच्या डिकीत घातली, आणि डिकीला कुलूप लावलं. मग टेबलाशी बसून पावत्या लावल्या. बाहेर ढिगांवर ताडपत्र्या चढत होत्या आणि त्यांच्याखाली मिरची तापायला लागली होती. अडीचपर्यंत मी पावत्या लावल्या. त्या आधीच लावलेल्या होत्या.

मग उठलो आणि चाचांना बाजूला घेऊन सांगितलं.

ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी खिशातून पेन काढलं.

“डबामा काय व्हतं?”

वरण, म्हटलं. कळण्याची भाकरी. वांग्याची भाजी.

“रोज वरण?”

मंगळवारी पिठलं होतं, म्हटलं.

झाकण घट्ट की सैल, किती वाजता ठेवला, ओल्या नळीच्या बाजूला की कोरड्या, सगळं त्यांनी लिहून घेतलं. मग मला घरी फोन करायला लावला. अर्ध्या तासात बायको रिक्षाने उकळत्या वरणाचा डबा घेऊन आली. काय चाललंय ते तिला कळेना, मला सांगवेना. चाचांनी रिकाम्या पेटीला आधी वारा लागू दिला, आकडे घेतले, मग डबा ठेवला, अर्ध्या तासाने पुन्हा आकडे घेतले. माझ्या डब्याचं वजन त्यांनी काट्यावर ठेवावं तसं काढलं आणि चारही दिवसांतून वजा केलं. जमिनीवर रेघा ओढून, मिरच्या मांडून. शेवटच्या रेघेवर चार मिरच्या उरल्या. आठ नव्हे, चार.

मी म्हटलं, चाचा, राहू द्या ना. आता गोळा झालीच आहे. आजचा दिवस जाऊ द्या, कुणाला कळणार आहे.

“चुकीच्या मापानं बरोबर उत्तर आलं, तरी ते उत्तर नसतं बेटा,” चाचा म्हणाले. “पुढच्या वेळी तेच माप गळा कापतं.”

आणि ते स्वतः छोट्या शेठकडे गेले. माझं नाव घेतलं नाही. आकडा चुकला, माझा आकडा चुकला, पसरा, एवढंच म्हणाले. पण मी मागे उभा होतो आणि माझं तोंड म्हणजे उघडी पाटी. छोट्या शेठनी माझ्याकडे पाहिलं, डब्याचं सगळं काढून घेतलं, आणि मग ते खूप वेळ हसले. हसून झाल्यावर चाचांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “चाचा, आता तुम्ही आराम करा.” फार प्रेमाने म्हणाले. त्यामुळे उत्तर द्यायची सोयच नव्हती.

ताडपत्र्या निघाल्या. मिरची पुन्हा पसरली. मुकादम बाई माझ्याजवळून जाताना थांबली नाही.

शनिवारी सकाळी भंगारवाल्याचा टेम्पो आला. जुनं कपाट, मोडक्या खुर्च्या, आणि वर ते मशीन, टीव्ही आणि टेपरेकॉर्डरसकट. चाचा आले नव्हते. मी सवयीने नऊला पेटीकडे गेलो. आत काही नव्हतं, मी दोनदा हात फिरवून पाहिला. दोन तापमापकांतला फरक डबा असताना होता त्याहूनही कमी होता. वारा बघायला बांबूवर बांधलेली चिंधी सुरतेकडून येणाऱ्या वाऱ्यावर फडफडत होती; आदल्या दिवसापर्यंत ती उलट दिशेला होती. आणि मी उत्तरेला पाहिलं तर सातपुडा जवळ आला होता. रोज धुराच्या रेघेसारखा दिसणारा डोंगर, आज त्याच्या घळी मोजता येत होत्या. ऊन होतं, पण उन्हाला उजेड नव्हता.

मी चाचांना फोन लावला. त्यांनी आकडे दोनदा म्हणवून घेतले. मग म्हणाले, “रेघा वढ.”

मी फरशीच्या ढिगाऱ्यामागे उकिडवा बसलो, फोन खांद्याने दाबला आणि त्यांनी सांगितलं तशा पाच रेघा ओढल्या. पहिल्या रेघेवर चार ठेव. डोंगर दिसतो? दोन आण. वारा फिरला? तिसऱ्या रेघेवरच्या उचल आणि खाली ने. एकही कागद त्यांच्यासमोर नव्हता. असता तर पानं उलटल्याचा आवाज आला असता. टेम्पोवर बांधून गेलं ते फक्त खोकं होतं, हे मला तेव्हा, त्या ढिगाऱ्यामागे, गुडघे दुखत असताना समजलं. शेवटच्या रेघेवर किती आहेत, त्यांनी विचारलं. मी मोजल्या. पुन्हा मोजल्या.

“नऊ.”

नऊ मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता.

छोटे शेठ विसरवाडीला गेले होते. त्यांना फोन केला तर त्यांनी पहिलं विचारलं, काका, आज भाजी कोणती आहे. मग म्हणाले की फोनवर ऊन दाखवतंय, आणि एका हंगामात एकच तमाशा पुरे. बरोबरच होतं त्यांचं. आदल्या दिवशी मीच त्यांच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो. आठ म्हणालेला माणूस चार म्हणतो आणि उजाडल्यावर नऊ म्हणतो, त्याचं कुणी ऐकावं, आणि त्याला तसं बोलायला लावलं होतं कुणी?

मागे वळलो तर मुकादम बाई उभी होती. ती माझ्या रेघांकडे बघत होती.

“आकडा चाचाचा, का तुझा?”

चाचांचा, म्हटलं.

तिने एकदा डोंगराकडे पाहिलं. त्या डोंगरात तिचं घर आहे, तो असा दिसला म्हणजे काय ते तिला माझ्या मिरच्यांनी सांगायची गरज नसावी. पण ती माझ्या मिरच्या पुन्हा एकदा बघून गेली. खालच्या अंगाला, नाल्याकडच्या बाजूला, तिने बायांना हाक मारली. शेठचा हुकूम नव्हता. उद्या मिरची तापून काळी पडली असती तर पहिली तिचीच माणसं निघाली असती. मीही शर्टाच्या बाह्या वर करून गेलो. माझ्या मदतीने कामाचा वेग किती वाढला ते विचारू नका. अर्ध्या तासात डोळ्याला हात लागला आणि पुढचा तास मी नळाखाली होतो.

चार वाजता वारा पडला. इतका की चिंधी बांबूला चिकटून राहिली. साधारण निम्मं मैदान गोळा झालं होतं. मग सुरतेच्या बाजूने काळं उठलं, आणि आधी गारा पडल्या. ताडपत्र्यांवर त्यांचा आवाज असा होता की कुणाचंच बोलणं कुणाला ऐकू जाईना. उरलेल्या निम्म्या मैदानातून पाणी लाल होऊन नाल्याकडे निघालं, नाल्यातून रस्त्यावर आलं. बाया ताडपत्रीच्या कडांवर बसून होत्या, वाऱ्याने उडू नये म्हणून, डोक्यावर घमेली धरून. कुणी रडलं नाही. मला सारखं एकच वाटत होतं, की कालचे ढीग तसेच राहू दिले असते तर माझ्या वरणाच्या वाफेने सगळी मिरची वाचली असती. आणि चाचांचं कालचं बोलणंही आठवत होतं. दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

भिजलेली मिरची सोमवारपर्यंत काळी पडली. वाचलेली, बायांनी ताडपत्र्या उचलून वारा देत सांभाळलेली, मंगळवारी पुन्हा पसरली, आणि बाया राहिल्या. छोटे शेठ मैदानातून एक फेरी मारून आले, एक काळी मिरची हातात चुरगाळली, हात झटकला. बुधवारी सकाळी नऊला मात्र त्यांनी अर्धवट झालेल्या नव्या ऑफिसच्या काचेतून मला हाक मारली आणि फोनमधून मान वर न करता विचारलं, “काका, आजचा आकडा किती?”

मी धावत पेटीकडे गेलो, मागच्या बाजूला बसून रेघा ओढल्या, चाचांना फोनवर विचारत विचारत मिरच्या मांडल्या आणि येऊन सांगितलं, दोन. ते बरं म्हणाले. तेव्हापासून रोज विचारतात.

आठवड्याभराने एका संध्याकाळी घरी जाऊन मी ही हकिकत बायकोला जरा रंगवूनच सांगितली. शेवटी आकड्याला मान मिळाला, मशीन गेलं तरी काम राहिलं, चाळीस वर्षांचं चीज झालं, वगैरे. ती कळण्याच्या भाकरी थापत होती. सगळं ऐकून घेतलं, एक भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “आकडा रोज इचारतस ना शेठ. चाचास्ले कोनी ‘या’ म्हने का?”